आईला सण सोसत नाही

आमच्या घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. होळी झाली, पोळ्या झाल्या, पाव्हणे जेवून गेले की दुसऱ्या दिवशी आई पडायची. पोट फुगायचं, जुलाब लागायचे, तोंड यायचं. मग कुणीतरी मीठमिरच्या उतरवायचं, कुणी ओव्याचं पाणी करून द्यायचं. आबा, म्हणजे आमचे वडील, बैलांना वैरण टाकता टाकता म्हणायचे, "तिला सण सोसत न्हाई." दोन-चार दिवसांनी आई उठायची आणि कामाला लागायची. एखाद्याला ऊन सोसत नाही, तसं तिला सण सोसत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

ही हकिगत मी लिहितेय ती ज्यांना नुकतंच सिलिॲकचं, म्हणजे गहू न चालण्याच्या आजाराचं निदान झालंय आणि "घरच्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या" असं डॉक्टरांनी सांगितलंय त्यांच्यासाठी. तुमचं घर चौघांचं असेल तर तुम्ही सुखी. आमचं तसं नव्हतं.

माझं पोट

माझं माहेर पौडच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. आई, दोन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, शिवाय अंगणापलीकडे चुलते आणि त्यांचं लेंढार. मी लग्न करून जांब्याला आले. नवरा लातूरकडचा, दोघंही हिंजवडीत नोकरीला.

चाळिशीच्या अलीकडेच मी म्हातारी दिसायला लागले होते. जिना चढताना मध्ये थांबायचे. लोहाच्या गोळ्या खाऊन तोंड काळं पडायची वेळ आली, पण रक्त काही वाढेना. आणि पोट तर विचारू नका. जांबे ते ऑफिस या रस्त्यावर कुठल्या हॉटेलातलं बाथरूम बरं आहे हे मला पाठ झालं होतं. कंपनीची कॅब गर्दीत अडकली की घाम फुटायचा. एकदा मी अर्ध्या रस्त्यात उतरून सरळ एका फर्निचरच्या दुकानात घुसले. तिथल्या माणसाने काही न विचारता आतलं दार दाखवलं. त्याचं भलं होवो.

मनात मी केव्हाच कॅन्सर ठरवून टाकला होता. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मुलाचा अभ्यास घेताना मध्येच गप्प व्हायचे.

मग एका डॉक्टरबाईंनी वेगळी तपासणी लिहून दिली, पुढे दुर्बीण झाली, आणि त्यांनी सांगितलं की तुम्हाला गहू चालत नाही. थोडा नाही, अजिबात नाही, आणि आयुष्यभर नाही. मी विचारलं, "बस्स?" मला खरंच हसू आलं. मरायचं नाही म्हटल्यावर गव्हाचं काय एवढं. रडू आलं ते घरी आल्यावर, कणकेचा डबा बघून.

नवरा म्हणाला, "एवढंच ना? आमच्याकडं चपाती पाव्हण्यालाच करतेत." त्याच आठवड्यात सासूबाईंनी लातूरहून ज्वारी पाठवली. माझ्या आजारात मला मिळालेलं ते पहिलं औषध, असं मी मानते.

डॉक्टरबाईंनी निघताना विचारलं होतं, "माहेरी कुणाला पोटाचा त्रास? हे रक्ताच्या नात्यात असतं." मी ठामपणे नाही म्हटलं. जिना उतरत होते तेव्हा ते वाक्य आठवलं. आईला सण सोसत नाही. आमच्याकडे भात खाणारी माणसं. माझ्या लहानपणी रोज तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी. घरात गहू यायचा तो सणाला. मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले.

आणि अलीकडे तर रोजच चपात्या होत होत्या. रेशनवर गहू, सुनांना चपातीची सवय, पोरांना डब्यात चपातीच हवी. आई आता सणाची वाट न बघता बाराही महिने पडलेली असायची, आणि आम्ही म्हणायचो की वय झालं.

घराने पाळायचं

मी माहेरी जाऊन सगळ्यांना ओटीवर बसवलं आणि माझा आजार नि सगळ्यांच्या रक्ताच्या तपासणीचं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. थोरला दादा म्हणाला, "गव्हानं कुटं कोण आजारी पडतं व्हय? मग पंजाबात माणूस राहिला असता का?"

पण आईने निराळंच काढलं. आमच्याकडे एखाद्या पोराला कांजिण्या आल्या, म्हणजे माता आल्या, की अख्ख्या घरात फोडणी देत नाहीत. तळण नाही, मटण नाही. आजारी एकजण, पण पाळायचं सगळ्यांनी. आई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "शिमीनं एकटीनं सोडायचं आन् आपुन तिच्यापुढं पोळ्या हाणायच्या? घरात माता आल्या तर फोडणी देतो का आपुन? उद्यापास्नं ह्या घरात गहू न्हाई."

गव्हाचं पोतं त्याच संध्याकाळी चुलत्यांच्या घरी गेलं. मी आईच्या गळ्यात पडून रडले. लोक आजाऱ्याला फळं आणतात, माझ्या माणसांनी घरातलं धान्य बदललं.

तपासणीला लगेच जायचं ठरलं होतं. पण भाताची लावणी आली, मग बेणणी, म्हणजे तण काढणं, मग गणपती. गणपती गेल्यावर एकदाचा मुहूर्त लागला.

अख्खं घर जीपमध्ये

त्या दिवशी जीपमध्ये किती माणसं होती ते मी मोजलं नाही, आणि रस्त्यात पोलिसांनीही मोजलं नाही ही देवाची कृपा. दोन्ही भाऊ, त्यांची पोरं, आई, माझी धाकटी बहीण तिच्या बाळाला घेऊन, एक चुलते आणि दोन्ही वहिन्या. सगळे उपाशी. रक्त द्यायचं म्हणजे उपाशीपोटी, असं त्यांनी आपणहून ठरवलेलं. ह्या तपासणीला त्याची गरज नव्हती, पण मला विचारतंय कोण. हिंजवडीच्या गर्दीत पोहोचेपर्यंत पोरं रडकुंडीला आली होती आणि चुलते चालकावर डाफरत होते.

दवाखान्याच्या बाकांवर आमचंच राज्य. डॉक्टरबाई म्हणाल्या की सुनांची गरज नाही, रक्ताच्या नात्यातलेच हवेत. थोरल्या वहिनीचा चेहरा पडला. "म्हंजे येवढी वर्षं रांधून घातलं, आन् रक्ताच्या न्हाईच आमी," असं ती भिंतीकडे बघत म्हणाली. तिची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले.

मग डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "सगळे नेहमीसारखा गहू खाताय ना?"

आई ताठ बसली. "एक दाणा न्हाई घरात. पोरीसाठी समद्यांनी सोडलाय."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश सांगितलं की, "आजी, गहू पोटात जात असला तरच रक्तात त्याची खूण उमटते. खाणं सोडलं की खूण पुसत जाते. मग आजार असला तरी तपासणी सांगते की नाही."

एवढ्या मायेने केलं आणि तेच आडवं आलं. हे मला आधी कुणी सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी "आयुष्यभर नाही" या शब्दांपुढे मला काही ऐकूच आलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मग एकेकाला विचारायला घेतलं. बाहेर काही खाता का? दादा म्हणाला, "काय न्हाई. पौडच्या स्टँडवर वडापाव, तेवढाच."

"पाव गव्हाचाच असतो."

"छ्या. पाव मैद्याचा असतोय."

"मैदा कशाचा?"

दादाने बाळूकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे पाहिलं. बाळूने जमिनीकडे पाहिलं, कारण तो रोज चहात टोस्ट बुडवत होता. पोरं बिस्किटांवर जगत होती. चुलत्यांना तर अख्खं पोतंच मिळालेलं. माझी बहीण सासरी चपात्याच खात होती. म्हणजे आमच्या या मोठ्या व्रताचा निकाल असा, की ते जवळजवळ कुणीच पाळलं नव्हतं. वहिन्या पदराआड हसायला लागल्या. डॉक्टरबाईही हसल्या.

खरोखर पाळलं होतं फक्त दोघींनी. एक आई. दुसरी गौरी, दादाची अकरा वर्षांची लेक.

गौरी आजीच्या ताटात जेवायची, आजीच्या कुशीत झोपायची. शाळेत खिचडी मिळायची. बिस्किटाला आजीने नाही म्हटलं की तिचंही नाही. ही पोरगी आमच्या घरातली सगळ्यात बारकी. वर्गात रांग करायची तर कायम पहिली. सारखं पोट दुखायचं, म्हणून शाळा बुडायची. "आजीवर गेलीया," म्हणून आम्ही सोडून द्यायचो. आणि गेल्या काही महिन्यांत तिचा शाळेचा झगा आखूड झाला होता. वहिनी ते टॉनिकचं यश मानत होती. आईही चालायला लागली होती, चिडायला लागली होती, तोंडावर तेज आलं होतं.

डॉक्टरबाईंनी दोघींकडे नीट पाहिलं. बाकीच्यांचं रक्त आज घेऊ, म्हणाल्या. या दोघींनी मात्र काही आठवडे पुन्हा गहू खायचा, मग तपासायचं.

दादाचं म्हणणं

दादा उभाच राहिला. "पोरगी आत्ता कुटं बरी झालीया. तिला परत आजारी पाडायची? कशापायी? एका कागदासाठी?"

तो चुकीचं बोलत होता असं मला आजही म्हणवत नाही. बाप होता. थोरली वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, एकदा नाव लागलं की सुटत न्हाई. उद्या सोयरीक करताना लोक म्हणतील, ह्यांच्यात आजार हाय." मला राग आला, आणि तिच्याइतकीच भीतीही वाटली.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "नुसतं बरं वाटतंय म्हणून सोडलेलं आयुष्यभर सोडलेलं राहत नाही हो. दोन वर्षांनी मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खाईल, पुढे कुणी म्हणेल एका पोळीने काय होतंय. तिची वाढायची वर्षं ही आहेत."

दादा मान हलवेना. त्याने गौरीचा हात धरला आणि दाराकडे निघाला.

तेव्हा आई बोलली. "आदी मी खाती."

"आजी, तुमच्या वयाला मी आग्रह करणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"वय आड येतंय व्हय पोळी खायला?" मग दादाला म्हणाली, "माझं निघालं तर पोरीचं करायचं. न्हाई निघालं तर तिला हात लावायचा न्हाई. बोल, हाय कबूल?"

दादाने दाराशी उभं राहूनच मान डोलावली. आईला काय काय झालं तर लगेच कळवायचं ते डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं, आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं.

बाकीच्यांचे निकाल आठवड्याभरात आले. सगळे सुटले. माझा मुलगा ओम, त्याचंही रक्त घेतलं होतं, तोही सुटला, त्या दिवशी मी ऑफिसात मिठाई वाटली, स्वतः न खाता. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की आज नाही म्हणजे कधीच नाही असं नव्हे, काही वर्षांनी परत बघायचं. पण दादा ऐकतोय कुठे. "आमी वाघ हाय," म्हणत फिरत होता.

आईच्या पोळ्या

शनिवार-रविवार मी माहेरी जायचे. आईसाठी वेगळी कणीक मळली जायची. ती आधी चपाती खायची, कोरडीच, औषध घेतल्यासारखी, आणि मग भाताकडे वळायची. पहिले काही दिवस काही झालं नाही. दादाच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली. मलाही वाटलं, नसेलच. नसू दे.

मग पोट फुगायला लागलं. तोंड आलं. जुलाब सुरू झाले. मी डॉक्टरबाईंना फोन करत होते, त्या रोज विचारपूस करत होत्या, म्हणत होत्या की थांबवायचं तर आजच थांबवा, आजींना सांगा. आई थांबेना.

आई इतकी वर्षं पडत होती, पण कुणी बसून पाहिलं नव्हतं. सणाचा पसारा असायचा, पाव्हणे असायचे, भांडी असायची, तिचं दुखणं त्यात हरवून जायचं. आता ना सण होता ना पाव्हणा. एका चपातीशिवाय नवीन काही नव्हतं. दादा ओटीवर बसून ते बघत होता. एका दुपारी आई भिंतीचा आधार घेत परसाकडून आली, मध्येच खाली बसली, आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा पाटावर जाऊन ताट मागायला लागली.

दादाने ताट उचललं. "बास झालं आये. पटलं मला."

आई म्हणाली, "तुला पटून काय करायचंय? रक्तात उमटू दे. ठेव ती पोळी हितं."

त्याने ठेवली. मग तिच्या शेजारी फतकल मारून बसला आणि तिचं खाऊन होईपर्यंत उठला नाही. माझा दादा रडताना मी आबा गेले तेव्हाही पाहिला नव्हता. तो त्या दिवशी रडला, आणि आईने त्याला "गप, पोरं बघत्यात," म्हणून दटावलं.

निकाल

आईचं रक्त स्पष्ट बोललं. डॉक्टरबाई म्हणाल्या, शंकाच नको इतकं आहे. आई हळूच म्हणाली, "म्हंजे शिमीला आन् ह्या पोरीला माझ्यामुळंच."

दादाच म्हणाला, "तुझ्यामुळं तिला हे असलं नाकबी आलंय. त्याचं काय करायचं मग?"

आई हसली. गौरीने नाकाला हात लावून पाहिलं.

दादाने शब्द पाळला. गौरीला डब्यात गूळ-चपाती जायला लागली, आणि सुरुवातीला ती खूश होती. पुढे तिचंही पोट दुखायला लागलं. आई तेव्हा पुन्हा भाकरीवर आलेली. ती तिच्यापाशी बसायची, पोटावर हात फिरवायची आणि म्हणायची, "थोडंच दिस. माझं झालं का न्हाई?" इतकी पक्की सोबत मला माझ्या वेळी मिळाली असती तर, असं वाटून गेलं. थंडीत तिचंही रक्त तेच बोललं. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातला एकेक डबा खाली काढला.

तुमच्या उपयोगाचं एवढंच सांगते. तपासणी होईपर्यंत मायेपोटीसुद्धा गहू सोडू नका. मैदा, रवा, शेवया, पाव हा सगळा गहूच आहे, आणि बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, हे कळल्यावर मी डोक्यालाच हात लावला होता. गिरणीत गव्हावर दळलेलं तांदळाचं पीठ चालत नाही. आणि घरातल्या ज्या माणसाला काहीतरी "सोसत नाही" असं तुम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलाय, त्याला आधी घेऊन जा.

होळी

यंदा होळीला वहिनीने तांदळाची उकड काढून पुरणपोळ्या केल्या. लाटताना तुटत होत्या, तव्यावर पुरण बाहेर येत होतं. ती रडकुंडीला आली. आईने फाटकी पोळी दुधात कुस्करली आणि खाल्ली. मग दुसरी मागितली. गौरीने तिसरी. दादा आणि बाळूने गव्हाची पोळी खाल्ली नाही. डॉक्टरांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण सणाला घराने पाळायचं.

धुळवडीच्या सकाळी आम्ही सगळे जरा लवकरच उठलो. वहिनीने सवयीने ओव्याचं पाणी उकळत ठेवलं होतं. आईचं अंथरूण रिकामं होतं. मी मागच्या दाराला गेले.

आई परसात होती. गौरी पोरांवर पाणी उडवत होती, आणि पाणी वाया घालवते म्हणून आई तिच्या मागे काठी घेऊन लागली होती. गौरीला गाठणं तिला जमत नव्हतं, कारण आता त्या पोरीच्या टांगा लांब झाल्या होत्या.

कुडाच्या कुंपणापलीकडून शेजारच्या काशीकाकूने दर होळीला विचारते तसं विचारलं, "काय गं, पडली का सासू?"

वहिनीच्या हातात ओव्याच्या पाण्याचं पातेलं होतं. तिने ते तुळशीपाशी ओतलं.

"न्हाई काकू," ती म्हणाली. "यंदा सोसला तिला सण."